गुणवंतरावांचे सात मासे

गोंडपिपरीच्या ढीवर मोहल्ल्यात, म्हणजे मासेमारांच्या वस्तीत, ठमाबाईच्या घरून कोणी उपाशी गेलं, असं आजवर झालं नव्हतं. वीजबिल द्यायला आलेला माणूस असो की भांडायला आलेली शेजारीण, आधी ताटावर बसायचं आणि मग तोंड उघडायचं. नवरा गेला त्याला नऊ वर्षं झाली, पण घरात काय शिजतं आणि कोणाच्या ताटात किती पडतं, हे तिच्याच शब्दावर चालायचं. मुलगा चंदन माजरीच्या कोळसा खाणीत कामाला. आठवड्यातून एकदा घरी यायचा, तो चप्पल काढायच्या आत तिचा निकाल लागलेला असायचा. "वाळला. खाणीत काय मातीच देऊन राह्यले का खायाले?"

अशा घरात सून दिव्यानी सात मासे पाळायला घेऊन आली, तेव्हाच कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडायला हवा होता.

दिव्यानीचे वडील गुणवंतराव चंद्रपूरच्या एका शाळेत प्रयोगशाळेचं सामान सांभाळायचे. मोठा अबोल माणूस. घरी काचेच्या पेटीत त्यांनी सिक्लिड जातीचे मासे ठेवले होते, मूळ कुठल्याशा आफ्रिकेतल्या तळ्यातले. त्यांची पिलं वाढवायची, मग त्या पिलांची पिलं वाढवायची, असं बारा वर्षं चाललं. बाहेरून एक मासा आणला नाही. होळीनंतर गुणवंतराव बसल्या जागी गेले. दिव्यानीच्या भावाने घर भाड्याने दिलं आणि पेटी अंगणात काढून ठेवली. खबर कळली तशी दिव्यानी गेली, उरलेले सात मासे दुधाच्या डब्यात घातले, पेटी चंदनच्या मित्राच्या गाडीवर टाकली आणि स्वतः डबा मांडीवर धरून एसटीत बसली. घरी आली तेव्हा डब्याचा काठ तिच्या हातावर लाल उमटला होता. रडली मात्र नाही. ठमाबाईला तेव्हा सुनेचा थोडा धाकच वाटला होता, पण ते ती कोणाजवळ कशाला बोलते!

एक नर होता, काळानिळा. सहा माद्या, पिवळ्याधमक, अंगावर काळे पट्टे. बोटाएवढे मासे, पण तोरा मगरीचा.

महिनाभर दिव्यानीनेच सगळं पाहिलं. मग तिला अंगणवाडीच्या शिबिराला गडचिरोलीला जायचा निरोप आला. सहा दिवस. निघायच्या आधी तिने पेटीजवळ सासूला उभं केलं आणि हातात एक लहान डबा दिला.

"आई, ह्यातले हिरवे दाणे सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट. दोन मिनिटांत संपतीन एवढेच टाका. दुसरं काहीच देऊ नका."

ठमाबाईने डबा नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. "हे गवत होय वं?"

"शेवाळाचे दाणे आहेत. हे मासे दगडावरचं शेवाळ खरवडून खातात. बाबा बारा वर्षं हेच देत होते. लई झालं तं पालकाचं पान उकळून."

"मासा आहे का बकरी?"

"आई."

"तुह्या बाबानं मासे पुस्तकात पाह्यले, पोरी. म्या जाळ्यात पाह्यले."

दिव्यानी हसली नाही. पिशवी खांद्याला लावता लावता थांबली. "बाबांचं माह्याजवळ एवढंच राह्यलं आहे. येईन तेव्हा मले सातच्या सात पाह्यजे. बाकी घर जळलं तरी चालन."

"घर काऊन जळते? जा तू. ठमाबाई मेली नाई अजून."

पहिला दिवस ठमाबाईने इमानाने हिरवी चिमूट टाकली. मासे दाणे खायचे आणि मग दिवसभर दगडाला, काचेला तोंड घासत फिरायचे. पोटं सपाट. ठमाबाईला ते बघवेना. दुपारी शेजारची रंजीता विरजण मागायला आली आणि वाटी हातात घेऊन पेटीपुढेच बसली.

"अवं मावशी, हे तं काच चाटून राह्यले! काही खायाले देतेस का नाई?"

"देतो ना. त्यायच्या बापाच्या घरचं गवत."

"पाह्य बाप्पा. सुनेचे मासे सासूच्या घरी उपाशी. लोक काय म्हणतीन?" रंजीता खदखदून हसली, विरजण घेतलं आणि गेली.

विरजण गेलं, ते बोलणं मात्र घरातच राहिलं.

आता ढिवराच्या घरी मरळ बाजाराच्या दिवसापर्यंत माठात जिवंत ठेवायची रीत आहे. मेलेल्या मरळीला कोणी विचारत नाही. म्हणून ठेवायची आणि खाऊ घालून ताजी ठेवायची. वाळले झिंगे भिजवून, कोंबडीची काळीज-आतडी बारीक करून. ठमाबाई सासरी आली तेव्हापासून तिच्या माठातली एक मरळ दगावली नव्हती. बाकीच्या बाया विचारायला यायच्या, आणि ही सांगायची, पण अर्धंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मूठभर झिंगे भिजत घातले. चिकनवाल्याकडून काळीज आणवलं, विळीवर असं बारीक केलं की राईसारखं. पेटीत टाकलं मात्र, मासे वेडे झाले! पाणी उसळलं. काळानिळा नर सगळ्यांना ढुसण्या मारत वर आला आणि तिच्या बोटालाच डसला. ठमाबाई खूश. "हां! आता कसं? बारा वर्षांचा उपास सुटला का नाई?"

संध्याकाळी दिव्यानीचा फोन आला. मागे बायांचा गोंगाट.

"आई, मासे खातात ना?"

"खातात? काच फोडतीन एवढे खाऊन राह्यले."

"दाणेच देता ना?"

"दुसरं काय देऊ, बिर्याणी?"

दिव्यानी तिकडून हसली. ठमाबाईही हसली. खोटं बोलली नाही, असं तिने स्वतःला सांगितलं. विचारलं ते तिने विचारलं, मी बोलले ते मी बोलले.

तिसऱ्या दिवशी तिने तीनदा खायला घातलं. रंजीताला बोलावून दाखवलंही. "पाह्य पोटं. कसे भरून आले." खरंच भरून आले होते. त्याच संध्याकाळी एक पिवळी कोपऱ्यात जाऊन बसली. काळीज टाकलं तरी उठली नाही. तिच्या मागून पांढरा दोऱ्यासारखा एक तुकडा लोंबत होता.

चौथ्या दिवशी सकाळी ती पाण्यावर उताणी तरंगत होती. पोट बोरासारखं टम्म, खवले उभे.

ठमाबाईच्या मनात पहिली आली ती रंजीता. नजर लागली. तिने मीठ-मिरच्या घेतल्या, पेटीवरून सात वेळा उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मेलेली मासोळी पळसाच्या पानात गुंडाळून परसात नेऊन पुरली. राहिलेल्यांना अशक्तपणा येऊ नये म्हणून त्या दिवशी काळीज थोडं जास्तच टाकलं.

संध्याकाळी फोन वाजला तेव्हा ती तो हातात घेऊन दोन-तीन घंट्या तशीच बसली.

"आई, सातही ठीक आहेत ना?"

घरात कोणी नव्हतं. पेटीतलं हवेचं मशीन तेवढं बुडबुडत होतं. सहा मासे काचेमागून तिच्याकडे बघत होते.

"ठीक," ठमाबाई म्हणाली.

"निळ्याले माह्यी आठवण येते का?"

"मासा काय बोलून राह्यला का? ठेव फोन. चूल पेटली आहे."

चूल पेटलेली नव्हती.

पाचव्या दिवशी दुसरी पिवळी गेली. आणि काळानिळा नर, तो मगरीच्या तोऱ्याचा नर, तळाशी दगडाला टेकून पडला होता. पोट तसंच टम्म. कल्ले भरभर हलत होते, जसा कोणी धावून आलेला माणूस दारात बसून दम खातो.

उद्या दोनच्या गाडीने दिव्यानी येणार होती.

ठमाबाईला पुराची भीती वाटली नव्हती, जाळ्यात साप निघाला तेव्हा वाटली नव्हती, नवऱ्याला तिरडीवर बांधलं तेव्हाही ती लोकांना चहा पुरला का हे विचारत फिरत होती. आता मात्र वाटली. बोटाएवढ्या मासोळीने तिला भुईवर बसवलं.

मग उठली, विळी मांडली आणि मेलेली पिवळी पाटावर घेतली. ढिवराच्या बाईला मेलेला मासा काय सांगतो ते त्याला फाडल्याशिवाय कळत नाही. नजर आहे की पाणी आहे की आणखी काही, एकदाचं पाहून घ्यावं.

पोटाला पातं लागलं तसा घाण वास आला. आतडं बाहेर पडलं. ठमाबाईने टोक चिमटीत धरून ओढलं. येतच राहिलं. गोल गोल वेटोळं सुटत गेलं, संपेना. मासा बोटाएवढा आणि आतडं दीड वीत. त्यात गुलाबी झिंग्यांची टरफलं, न पचलेलं, सडलेलं काळीज, ठेचून भरल्यासारखं.

विळीवरचा तिचा पाय तसाच राहिला.

मरळीचं आतडं आखूड असतं आणि सरळ. मांस खाणाऱ्याचं असंच. रोहूचं लांब, गुंडाळलेलं, आत हिरवा गाळ. आणि सगळ्यांत लांब तिलापीचं. तिलापी म्हणजे ती कुठून तरी परदेशातून येऊन तलावात घुसलेली मासोळी, आपल्या माशांच्या तोंडचा घास खाणारी. ठमाबाई तिला टोपलीत घ्यायची नाही. पण हजार वेळा फाडली होती. हे अगदी तिचंच आतडं होतं. तोंडाची ठेवण तीच, पाठीवरचा काट्यांचा पंखा तोच. घरात महिनाभर तिलापीची भावकी फिरत होती, आणि ठमाबाईने तिला मरळीचं जेवण घातलं.

हे तिला शिकायचं राहिलं होतं असं नाही. आठ वर्षांची होती तेव्हापासून ती आतडं पाहून सांगायची, मासा काय खातो ते. फक्त जिवंतपणी ह्यांच्याकडे तिने नीट पाहिलं नव्हतं. मासे दिवसभर दगड खरवडून तिला सांगत होते. सून सांगून गेली होती. एक मेलेला माणूस बारा वर्षं सांगत होता.

"इसरू!" तिने भिंतीवरून दिराला हाक मारली. "अगा इसरू, हातातलं टाक आन् ये!"

इसरू पलीकडेच जाळं शिवत बसला होता. साठी उलटलेला, पण वहिनीची हाक आली की अजून धावायचा. पाटावरचं आतडं त्याने पाहिलं, मग पेटी पाहिली, मग वाटीतलं काळीज पाहिलं. त्याला काही सांगावं लागलं नाही.

"तिलापी," तो म्हणाला.

"मले दिसते."

"हिरवं खाणाऱ्याले काळीज? वैनी, तू?"

"बोलायचं उद्या बोल. आधी विहिरीचं पाणी आण."

तळाशी सडून बसलेले तुकडे तिने नळीने ओढून काढले. पेटीतलं तिसरा हिस्सा पाणी उपसलं. विहिरीचं पाणी उन्हात ठेवून कोमट केलं आणि हळूहळू, पातेल्याच्या काठावरून सोडलं. मग हिरव्या दाण्यांचा डबाही उचलून फळीवर ठेवून दिला.

"ते तरी दे ना दोन," इसरू म्हणाला.

"काई नाई. पोट साफ होईतोवर उपास."

इसरू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. "वैनी, तू उपास करवून राह्यली? मोहल्ल्यात सांगतलं तं कोणाले खरं वाटन नाई."

"सांगून पाह्य, मंग तुह्याच घरचा उपास सुरू करतो."

त्या संध्याकाळी फोन आलाच नाही. शिबिराचा शेवटचा दिवस, कार्यक्रम असेल. ठमाबाईने फोन पदरात बांधून ठेवला होता. वाजला असता तर तिने काय सांगितलं असतं, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी नर मेलेला होता. काळानिळा रंग उडून राखेसारखा झाला होता. ठमाबाईने त्याला ओंजळीत घेऊन काढलं आणि पुरलं नाही. पळसाचं हिरवं पान ओलं केलं, त्यावर ठेवलं, वर दुसरं पान झाकलं. लपवायचं तेवढं लपवून झालं होतं.

आता चार पिवळ्या. नर गेला म्हणजे गुणवंतरावांची बारा वर्षं तिथेच थांबली. चार माद्या काय एकमेकींची तोंडं बघणार? ठमाबाई हिशेब करायची ती असाच करायची, कोंबडीचा असो की मासोळीचा. नर नाही तर पुढे काही नाही.

चौघींतल्या तिघी जरा सुधारल्यासारख्या वाटत होत्या. दगडाला तोंड लावायला लागल्या होत्या. चौथी दगडाच्या मागे, अंधारात. बाहेर यायची नाही. दोन दिवस तिने कशाला तोंड लावल्याचं ठमाबाईला आठवत नव्हतं. जबड्याखाली सूज आलेली.

इसरू बारा वाजता आला. त्याने वाकून पाहिलं. "हिचंही तेच. काढून टाक, वैनी. एक सडकी राह्यली तं टोपलं जाते. तीन तं वाचव."

बोलणं खोटं नव्हतं. तीस वर्षं दोघं हेच करत आले होते. ठमाबाईने एक गंज, म्हणजे खोलगट पातेलं, पेटीत बुडवला, हलक्या हाताने चौथीला कोपऱ्यात घेतलं आणि पाण्यासकट वर उचललं. गंज अंगणात उजेडात आणून ठेवला. इसरूने हात पुढे केला. शेपटीला धरायचं, दगडावर एकदा आपटायचं, संपलं. मासोळीलाही त्रास कमी.

"थांब," ठमाबाई म्हणाली.

"आता काय?"

"पोट पाह्य हिचं."

मेलेल्या तिघांची पोटं टम्म होती. हिचं पोट पाठीला लागलं होतं. फुगला होता तो गळा. आणि गळा नुसता फुगलेला नव्हता. मासोळी तोंड घट्ट मिटून आतल्या आत काहीतरी घोळवत होती, म्हातारी माणसं सुपारीचा तुकडा घोळवतात तसं. उजेडाने ती बावरली होती. गंजाच्या भिंतीला धडक मारली, वळली, पुन्हा धडक मारली, आणि तिचं तोंड पळभर उघडलं.

एक ठिपका बाहेर पडला. पिवळा थेंब, त्याला केसाएवढी शेपटी आणि दोन काळे डोळे. वळवळत तो गंजाच्या तळाशी बसला.

इसरूचा हात हवेतच राहिला. तिलापी अंडी-पिलं तोंडातच सांभाळते; तलावावर जाळं ओढताना ती काठावर आली की तोंडातून अशीच पिलं थुंकते आणि बाया ओरडतात, सोडा रे, लेकुरवाळी आहे. दोघांनी ते शंभरदा पाहिलं होतं.

"वैनी, हिच्या तोंडात..."

"चूप."

"नराची..."

"चूप म्हणतो ना! हलू नोको. सावली पडू देऊ नोको."

आता भ्यालेली मासोळी एकेक करून सगळी थुंकून टाकेल. बाहेर पडलेलं असलं कच्चं पिल्लू कोण जगवणार? ठमाबाईने पदर सोडला आणि दोन्ही हातांनी धरून गंजावर हळूच आडवा घातला, पाण्याला न लागू देता. अंधार केला. मग त्यावर वाकून बसली. गुडघे दुखत होते, पाठीवर ऊन तापत होतं. आत एकदा पाणी चुबकलं. मग काही नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं.

"आई!" दिव्यानीचा आवाज, थकलेला पण मोकळा. "गाडी आज लवकर..."

"आवाज करू नोको!" ठमाबाई जागेवरून म्हणाली. मान वर करायचीही सोय नव्हती.

दिव्यानी थबकली. सासू उघड्या डोक्याने अंगणात ओणवी, चुलत सासरा बाजूला पुतळा होऊन उभा. ती काही न बोलता घरात गेली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला. मग काहीच आवाज आला नाही. ठमाबाईला न बघताही दिसत होतं. सून पेटीपुढे उभी आहे. मोजते आहे. एक, दोन, तीन. दगडामागे बघते आहे. पुन्हा मोजते आहे.

दिव्यानी दारात आली. "बाकीचे कुठी आहेत?"

इसरू तोंड उघडायला गेला. ठमाबाईने त्याला डोळ्यानेच मागे सारलं.

"तीन मेले," ती म्हणाली. आवाज मोठा करता येत नव्हता, म्हणून कुजबुजतच म्हणाली. "निळा आज सकाळी. पानावर ठेवला आहे, तुह्यासाठी. दोन पिवळ्या त्याच्या आधी. म्या झिंगे घातले, काळीज घातलं. तू नाई म्हणून गेली होती तरी घातलं. मले वाटलं, तुह्या बाबाले समजत नव्हतं. त्यायले समजत होतं. मले समजलं नाई."

दिव्यानी उभीच होती. पदराखाली गंज, त्यावर सासू. "आणि ह्यात?"

"चौथी. हिच्या तोंडात पिलं आहेत. निळ्याचीच असतीन. तू जायच्या आधीच धरली असतीन. एक बाहेर पडलं आहे. परत घेते का पाहून राह्यलो. म्हणून तुले उठून पाणी देता येत नाई."

दिव्यानी तिथेच भुईवर बसली, गंजापासून दोन हात लांब. तिचे डोळे भरले नाहीत. ठमाबाईला वाटलं, भरले असते तर बरं झालं असतं.

"मासे मरतात," दिव्यानी म्हणाली. "बाबांचेही मरायचे. चौथ्या दिवशी म्या इचारलं होतं, सातही ठीक आहेत ना. तेव्हा काऊन खोटं सांगतलं? तेव्हाच सांगतलं असतं तं म्या फोनवरच म्हटलं असतं, खाणं बंद करा. निळा वाचला असता."

यावर ठमाबाईकडे चार उत्तरं तयार होती. तिच्याकडे कुठल्याही गोष्टीवर चार उत्तरं तयार असायची. तू कामात होती. तुले त्रास कायले. रंजीताची नजर. फोनवर काय सांगायचं. चारही तिने बाजूला सारली.

"भेव वाटलं," ती म्हणाली.

"कोणाचं?"

"तुहं."

इसरूने मान खाली घातली आणि जाळं आठवल्यासारखं करून फाटकाबाहेर निघून गेला. त्याने वहिनीला चाळीस वर्षं पाहिलं होतं. असं बोललेलं ऐकलं नव्हतं.

दिव्यानी गंजाजवळ सरकली. "पाहू."

ठमाबाईने पदराचं एक टोक इंचभर उचललं. दोघी एकाच फटीतून वाकून बघायला लागल्या, डोक्याला डोकं लागलं. गंजाचा तळ स्वच्छ होता. पिवळा ठिपका नव्हता. मासोळी मधोमध स्थिर उभी होती, तोंड मिटलेलं, गळा गच्च.

"घेतलं," ठमाबाई पुटपुटली.

"गिळलं तं नसन?"

"गिळलं असतं तं गळ्याखाली गेलं असतं. अजून घोळवून राह्यली, पाह्य."

दिव्यानीने मान वळवून दाराकडे पाहिलं. "पेटीत सोडायची कशी? जाळी लावली तं थुंकन."

"गंजच अख्खा पाण्यात उतरवायचा. आपोआप निघन."

दिव्यानीने गंजाला हात लावला आणि काढला. "तुमी धरा. तुमच्या हाताले सवय आहे."

ठमाबाईने तिच्याकडे पाहिलं. मग कमरेला पदर खोचला, गंज दोन्ही हातांत घेतला आणि उठली, पाण्यावर एक तरंग न उठवता. दिव्यानीने पुढे होऊन पेटीचं झाकण काढलं. गंज पाण्यात उतरला, तिरपा झाला, पाण्याला पाणी मिळालं. पिवळी जागची हलेना. दोघी श्वास रोखून उभ्या. मग तिने एकदा शेपूट हलवलं, काठावरून सरकली आणि थेट दगडामागे गेली. तोंड मिटलेलं ते मिटलेलंच.

दिव्यानी परसात गेली. पानावरचा निळा तिने एकटीने पुरला. ठमाबाईला तिने चल म्हटलं नाही, आणि ठमाबाईही गेली नाही; बाकीच्या तिघींनी चौथीला टोचू नये म्हणून ती काचेपुढे राखण बसली.

परत आली तेव्हा दिव्यानीच्या नखांत माती होती. हात न धुताच ती सासूच्या शेजारी बसली.

"बाबा म्हणायचे, तीन आठवडे ती तोंड उघडत नाई. काही खात नाई."

"तिलापीचं तेवढं नसते. पण ह्या जातीचं असन."

"किती असतीन तोंडात?"

"बाहेरून कोणाले सांगता येत नाई."

दिव्यानी काचेत बघत राहिली. अगदी हळू, जसं काही मासोळीने ऐकू नये, तिने विचारलं, "जगतीन का, आई?"

ठमाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मोहल्ल्यातल्या कोणत्याही बाईला ती ह्या घडीला छातीवर हात मारून सांगून मोकळी झाली असती.

"मले ठाऊक नाई," ती म्हणाली.